एका रविवारी तीन शर्यती, आणि क्लायंटचा एकच प्रश्न

प्रश्न सरळ होता. इंजिन ऑइल विकणाऱ्या क्लायंटला अमेरिकेत मोटार रेसिंगवर जाहिरातीचे पैसे लावायचे होते. नॅसकार, इंडीकार की फॉर्म्युला वन, लोकांना सगळ्यात जास्त काय आवडतं ते एका पानात लिहून द्या, असं त्यांचं म्हणणं. आमचं काम टीव्हीवरची जाहिरातीची वेळ विकत घेण्याचं, आणि माझ्याकडे प्रेक्षकसंख्येचे तक्ते. नशिबाने तिन्ही मालिका एका दिवसात तोलता येतील असा रविवार नुकताच होऊन गेला होता, २५ मे २०२५. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी ९ वाजता फॉर्म्युला वनची (एफ-वन) मोनॅको, दुपारी इंडीकारची इंडियानापोलिस ५०० (इंडी ५००), संध्याकाळी ६ वाजता नॅसकारची शार्लटमधली कोका-कोला ६००. मेमोरियल डेची सुट्टी सोमवारी, त्यामुळे आकडे मंगळवारपासून यायला लागले.

इंडी ५०० फॉक्स वाहिनीवर : सरासरी ७० लाखांवर, शेवटच्या टप्प्यात ८४ लाख. कोका-कोला ६०० ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ या स्ट्रीमिंग सेवेवर : सुमारे २७ लाख. मोनॅको एबीसी वाहिनीवर : सुमारे २३ लाख. म्हणजे इंडीकार जिंकली, पान संपलं? तसं लिहून दिलं असतं तर क्लायंटचे पैसे पाण्यात गेले असते.

इंडी ५०० आणि इंडीकार या प्रेक्षकांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एरवी मोटार रेसिंगकडे ढुंकूनही न बघणारी घरं त्या एका दुपारी टीव्ही लावतात. हंगाम संपल्यावर हिशेब आणखी स्पष्ट झाला. १७ शर्यतींची सरासरी साधारण १३.६ लाख; त्यातून इंडी ५०० बाजूला काढली की उरलेल्या १६ शर्यतींची सरासरी १० लाखांच्या आसपास येते. एफ-वनची २४ शर्यतींची सरासरी १३ लाख, तीही बऱ्याच शर्यती अमेरिकेत भल्या सकाळी दिसत असताना. कॅलिफोर्नियात मोनॅको पहाटे ६ वाजता सुरू होते. नॅसकारच्या मुख्य मालिकेच्या, म्हणजे कपच्या, ३६ शर्यती, सरासरी २५ लाखांच्या घरात. सरासरी गुणिले शर्यती केलं तर नॅसकार ९ कोटी, एफ-वन ३ कोटींवर, इंडीकार २ कोटी ३० लाख. एका दिवसाचा पहिला नंबर वर्षाच्या हिशेबात शेवटचा.

शिवाय इंडीच्या त्या उडीतही भेसळ होती. आदल्या वर्षी पावसामुळे शर्यत चार तास उशिरा सुरू झाली होती आणि सरासरी ५३ लाखांवर थांबली होती. अशा भिजलेल्या आकड्याशी तुलना केली की कुठलीही वाढ घसघशीत दिसते. २०२५ मध्ये सुरुवात फक्त पाऊण तास लांबली. ग्रँडस्टँडची सगळी तिकिटं खपल्यामुळे खुद्द इंडियानापोलिस शहरातली थेट प्रक्षेपणाची बंदी उठली; एरवी तिथल्या लोकांना शर्यत टीव्हीवर थेट न दाखवता मागाहून दाखवतात. फॉक्सने सुपर बोलमध्येही, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातही, चालकांच्या जाहिरातींचा मारा केला होता तो वेगळाच. आणि फेब्रुवारीत प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीने घराबाहेर, म्हणजे बारमध्ये किंवा दुसऱ्याच्या घरी, टीव्ही बघणाऱ्यांची मोजणी देशभर पसरवली होती. मेमोरियल डेच्या सुट्टीत अर्धी अमेरिका कोणाच्या ना कोणाच्या अंगणात बार्बेक्यूला असते. हे सगळं बाजूला ठेवूनही खरी वाढ होतीच, पण किती, ते टक्केवारीत सांगायला मी तयार नव्हतो.

मग सरासरी म्हणजे काय, हे क्लायंटला फोनवर समजावून सांगावं लागलं. छापून येणारा आकडा दर मिनिटाच्या प्रेक्षकांची सरासरी असतो. कोका-कोला ६०० म्हणजे दीड मैलाच्या ४०० फेऱ्या, चार तासांवर चालणारं प्रकरण. त्यातले दोन-दोन तास दोघांनी पाहिले तर सरासरीत ते मिळून एकच माणूस धरले जातात. मोनॅकोच्या ७८ फेऱ्या दोन तासांच्या आत आटोपतात, बसलेला माणूस सहसा उठत नाही. त्यामुळे २७ आणि २३ लाख जेवढे जवळचे दिसतात तेवढे नसतात. नॅसकारच्या शर्यतीला कधी ना कधी डोकावून गेलेल्यांची संख्या बरीच मोठी असते, आणि ऑइलचा डबा लक्षात राहायला तेवढं डोकावणंही पुरतं.

त्यात कोका-कोला ६०० ही नॅसकार कपची फक्त प्राइमवर दाखवलेली पहिलीच शर्यत होती. आदल्या वर्षी फॉक्सवर, पावसाने अर्ध्यात आटोपलेली असूनही, ३० लाखांवर प्रेक्षक होते. आकडा घटला, पण प्रेक्षकांचं वय टीव्हीवरच्या नॅसकार प्रेक्षकांपेक्षा साधारण सहा वर्षांनी कमी निघालं. जाहिरातदार या सहा वर्षांसाठी जास्त दर मोजतात. चालक रॉस चॅस्टेनने चाळिसाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या जागेवरून सुरुवात करून शेवटच्या सहा फेऱ्या उरल्या असताना आघाडी घेतली, तीही आदल्या दिवशी सरावात मूळ गाडी मोडल्यावर रातोरात उभ्या केलेल्या राखीव गाडीने. अशा शर्यतीत लोक शेवटपर्यंत बसून राहतात.

खरी पंचाईत एफ-वनची. क्लायंटच्या मार्केटिंग प्रमुखांचं मन तिथेच अडकलेलं. तरुण प्रेक्षक, नेटफ्लिक्सवरची मालिका, ऑस्टिन, मायामी, लास व्हेगासमधल्या शर्यती. पण ईएसपीएन आणि एबीसीच्या प्रक्षेपणात शर्यत चालू असताना जाहिराती दाखवतच नसत. ३० सेकंदांची जाहिरात लावायला जागाच नाही. त्या २३ लाखांपर्यंत पोहोचायचं तर गाडीवर, चालकाच्या अंगावर किंवा ट्रॅकच्या कडेला नाव हवं, आणि तो खर्च टीव्हीच्या बजेटमधून निघत नाही. प्रेक्षक आहेत, पण आमच्या खिडकीवर विकत मिळत नाहीत.

पानावर शेवटी असं गेलं : टीव्हीच्या पैशांतला मोठा वाटा नॅसकारला, त्यातही ग्रीनव्हिल, ग्रीन्सबरो, शार्लट या आग्नेयेकडच्या शहरांत जास्तीच्या स्थानिक जाहिराती, इंडीकारमध्ये फक्त इंडी ५००, बाकी हंगाम सोडून द्यायचा, एफ-वनसाठी टीव्हीवर शून्य, हवं असेल तर प्रायोजकत्वाच्या वेगळ्या खात्यातून बघावं. शून्य बघून मार्केटिंग प्रमुख नाराज झाले. वित्त विभागाने ते पान तसंच मंजूर केलं.

पुढच्या वर्षीसाठी हा तक्ता तसाच वापरता येणार नव्हता. २०२६ च्या वेळापत्रकात मोनॅको जूनमध्ये गेली आणि मेच्या त्या रविवारी, इंडी ५०० च्याच दिवशी, कॅनडाची शर्यत आली. एफ-वनचे अमेरिकेतले हक्क पाच वर्षांसाठी ॲपलकडे गेले. तेव्हा एफ-वनचा रकाना ‘एबीसी, सरासरी’ या मथळ्याखाली ठेवण्यात अर्थ नाही. तिथे आधी मोजमाप कुठलं घ्यायचं ते ठरवावं लागतं, आकडा त्यानंतर.