रंगसितच्या शाळेतले आमचे ठाण्याचे सर

हल्ली ठाण्याहून बरेच मेसेज येतात, ताई थायलंडला इंग्लिश शिकवायला यायचंय, पगार किती, रूमचं भाडं किती, डिग्री कुठली लागते. माहिती मी देतेच, पण मी स्वतः इथे टिकले ती एका माणसामुळे, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहितेय. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो.

ओळख ठाण्यातलीच. गोखले रोडला स्पोकन इंग्लिशच्या एका क्लासमध्ये आम्ही दोघंही शिकवायचो, सकाळच्या बॅचेस त्यांच्या, संध्याकाळच्या माझ्या. पुढे ते बँकॉकच्या उत्तरेला रंगसितच्या बाजूला एका शाळेत लागले आणि तिथे जागा निघाली तेव्हा त्यांनी मला फोन केला. "वही घे आणि लिहून घे, नंतर म्हणू नकोस सर बोलले नाहीत." आपला पासपोर्ट भारतीय, म्हणजे इंग्लिश आपली मातृभाषा धरत नाहीत, म्हणून टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेचा स्कोअर द्यावा लागतो. पगार गोऱ्या टीचर्सपेक्षा बहुतेक ठिकाणी कमीच. वर्क परमिट आणि व्हिसा शाळेला बांधलेले, म्हणजे नोकरी गेली की राहायचा हक्कही गेला, आणि दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, चुकलं की दंड. एजंट लोक यातलं अर्धंसुद्धा सांगत नाहीत. मला सगळं आधी कळलं म्हणून आईबाबांना नीट समजावून निघता आलं.

इथे मे महिन्यात शाळा सुरू होते, एका वर्गात चाळीसच्या वर मुलं. थाईमध्ये शब्दाच्या शेवटी मोजकेच आवाज येतात, त्यामुळे मुलं स्कूलला सकून म्हणतात आणि फुटबॉलला फुटबॉन. सर एकेका बाकापाशी जाऊन छोटा आरसा धरायचे, जीभ वरच्या दातांमागे टेकव आणि आता आवाज सोडू नकोस, असं खुणेने दाखवायचे, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलापर्यंत तेवढ्याच शांतपणे जायचे. घाईत मागची रांग सोडून दिली असं मी कधी बघितलं नाही.

स्टाफरूमच्या कपाटात त्यांची एक निळी फाइल असायची. कोणी अचानक आजारी पडलं तर दुसऱ्याला वर्गावर जाता यावं म्हणून प्रत्येक वर्गाचा एक धडा तयार, वर्कशीटच्या झेरॉक्स काढलेल्या, वर त्या वर्गाच्या थाई शिक्षिकेचा नंबर आणि खाली बारीक अक्षरात चिठ्ठी, खिडकीजवळच्या मुलीला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तिला पुढे घ्या. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मला डेंग्यू झाला तेव्हा माझे सगळे वर्ग त्यांनी स्वतःचे सांभाळून घेतले, वर संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये डबा घेऊन यायचे.

आणि २०११ चा पूर. आपल्याकडे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री सर कळव्याला शेजाऱ्यांच्या माळ्यावर बसून होते. इथला पूर वेगळा. पाणी उत्तरेकडून सावकाश उतरत येत होतं, आज अमुक जिल्हा, चार दिवसांनी पुढचा, रोज टीव्हीवर नकाशा. लोकांनी गाड्या नेऊन फ्लायओव्हरवर लावल्या, दुकानांतून पाण्याच्या बाटल्या आणि नूडल्स गायब. आमच्यातले बरेच जण म्हणत होते इथवर नाही येणार, पण सरांनी वाट बघितली नाही. शाळेच्या ऑफिसमधून परदेशी टीचर्सच्या वर्क परमिटच्या निळ्या पुस्तिका आणि करारांचे कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरच्या मजल्यावर नेले, मग मुलांच्या परीक्षेचे पेपर, मग लायब्ररी, आणि आम्ही चार-पाच जणांनी जिन्यात रांग लावून एकेक गठ्ठा वर दिला. डॉन मुआंगचा, म्हणजे बँकॉकचा जुना विमानतळ पाण्याखाली गेला तेव्हा आमचा तळमजलाही गेला होता, आणि ते पाणी आपल्यासारखं दोन दिवसांत ओसरलं नाही, आठवडेच्या आठवडे साचून राहिलं. दुसरी टर्म लांबली, पण आमच्यापैकी एकाचाही कागद भिजला नाही. व्हिसा रिन्यू करताना त्याची किंमत कळली. वरिष्ठांपैकी कोणी साधं थँक्यू म्हटल्याचंही मला आठवत नाही, त्याचा मला अजून राग येतो. सरांना नाही आला.

जूनमध्ये इथे वाई ख्रू असतं, गुरुपूजनच म्हणा ना. मुलं गुडघ्यावर बसून शिक्षकांना फुलं देतात, त्यात वांग्याची फुलं असतात आणि चक्क आपल्या गणपतीला वाहतो त्या दूर्वा. शेवटच्या वर्षी ती डाव्या कानाने कमी ऐकणारी मुलगी सरांपुढे बसली आणि "थँक्यू, सर, फॉर स्कूल" म्हणाली, शेवटचा ल अगदी पूर्ण. सर काहीच बोलले नाहीत, नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि मध्येच थांबले, कारण इथे डोक्याला हात लावत नाहीत, मग हात जोडले.

वडिलांच्या आजारपणामुळे ते परत ठाण्याला गेले. आता वर्तकनगरला घरीच पाचवी ते दहावीच्या मुलांना शिकवतात, फी ज्याला जमेल तशी. इथे यायचा विचार करणाऱ्यांना मी आता त्यांच्याकडेच पाठवते, आधी विचारून अर्थात. जाताना वही घेऊन जा, ते लिहून घ्यायला लावतील.