केचप मात्र विकतचंच

मला मागे एक झटका आला होता. महिनाभर तयार असं काहीच आणायचं नाही, ब्रेड, लोणी, दही, जॅम, मेयोनीज, केचप, म्हणजे बाटलीत नाहीतर पिशवीत जे जे मिळतं ते सगळं घरी करायचं. कारण खास काही नव्हतं, सकाळी खाताखाता ब्रेडच्या पिशवीमागची बारीक अक्षरातली यादी वाचत होतो आणि ती संपेपर्यंत माझे दोन स्लाइस खाऊन झाले होते, तेवढी लांब. बायको म्हणाली, "कर की, पण भांडी तू घासायचीस." तेव्हा हे वाक्य मी फार हलक्यात घेतलं.

सुरुवात दह्यापासून केली कारण ते सोपं असतं असं सगळे म्हणतात. सोपं आहेच, फक्त आपण मधे मधे करायचं नाही. मला वाटायचं दूध तापवतात ते नुसतं जंतू मरावेत म्हणून, पण तसं नाहीये, दूध ८५ अंशांपर्यंत नेलं की त्यातली काही प्रथिनं उलगडतात आणि नंतर दही लागताना पाणी धरून ठेवतात, म्हणून नीट तापवलेल्या दुधाचं दही घट्ट लागतं आणि नुसत्या कोमट केलेल्या दुधाचं पातळ. मग ते ४३ ते ४५ अंशांपर्यंत निवू द्यायचं, थर्मामीटर नसेल तर स्वच्छ बोट बुडवून दहा आकडे मोजायचे, चटका न बसता दहा झाले की विरजण लावायचं. पहिल्यांदा मी घाई केली, गरम दुधातच विरजण घातलं, त्यातले जिवाणू बिचारे तिथेच गेले आणि सकाळी भांड्यात होतं ते जसंच्या तसं दूध. दुसऱ्यांदा सगळं बरोबर होतं पण मी दर तासाला झाकण काढून भांडं तिरकं करून बघत होतो लागलं का, लागलं का, तर ते लागतालागताच मोडलं आणि वर पाणी सुटलं. तिसऱ्यांदा भांडं टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये ठेवलं आणि झोपून गेलो, तेव्हा कुठे जमलं.

लोणी तर चुकूनच झालं. केकसाठी क्रीम फेटत होतो, फोन आला, मिक्सर चालूच राहिला आणि परत आलो तर क्रीमचा पार चोथा झाला होता, दाणे दाणे आणि खाली पांढरं पाणी. मला वाटलं वाया गेलं, पण ते लोणी आणि ताक होतं! क्रीममधे स्निग्धाचे बारीक गोळे असतात, प्रत्येकावर पातळ आवरण असतं, घुसळून घुसळून ती आवरणं फाटली की गोळे एकमेकांना चिकटतात, एवढंच ते. आता मी मुद्दाम करतो, पाव लिटर क्रीम बरणीत घालायचं आणि बरणी हलवायला मुलीला द्यायची. आधी डुबुक डुबुक आवाज येतो, मग आवाज एकदम बंद होतो, तेव्हा ती म्हणते बाबा बिघडलं, आणि अजून थोडं हलवलं की अचानक आत धपकन गोळा पडतो. ३५ टक्के स्निग्धाचं क्रीम असेल तर १०० ग्रॅमच्या आसपास लोणी निघतं. मात्र ते गार पाण्यात धुवायला लागतं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत, नाहीतर आत राहिलेल्या ताकामुळे दोन दिवसात वास मारायला लागतं.

ब्रेडवर मी जास्त बोलणार आहे, आधीच सांगतो. पहिले तीन ब्रेड मी मळून मळून केले, दंड भरून आले आणि ओव्हनमधून बाहेर काय आलं तर वीट. मग न मळता करायची पद्धत कळली, जिम लाही नावाच्या न्यूयॉर्कच्या बेकरची, २००६ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आली आणि तिथून जगभर गेली. ४०० ग्रॅम गव्हाचं पांढरं पीठ, ३०० ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम मीठ, अगदी पाव चमचा यीस्ट, चमच्याने कालवायचं आणि झाकून १२ ते १८ तास विसरून जायचं. मळून जे होतं ते इथे वेळ करतो, ओल्या पिठातली प्रथिनं हळूहळू आपोआप एकमेकांत गुंतत जातात आणि ग्लुटेनची जाळी तयार होते. सकाळी त्याला जरा घड्या घालून तासदीड तास अजून फुगू द्यायचं, तोवर जाड बुडाचं झाकणाचं भांडं ओव्हनमध्ये २३० अंशांवर चांगलं तापवायचं आणि पीठ त्यात सोडायचं. अर्धा तास झाकण ठेवून, मग १५ मिनिटं काढून. झाकणाने पिठाचीच वाफ आत कोंडते, त्यामुळे वरचं कवच लगेच कडक होत नाही आणि ब्रेडला फुगायला जागा मिळते.

एकदा मी मीठ विसरलो. तोपर्यंत मला वाटायचं मीठ फक्त चवीला असतं. रात्रीत पीठ भांड्याबाहेर आलं आणि इतकं चिकट झालं होतं की हातावरून निघेना, कारण मीठ यीस्टला आवरून धरतं आणि ग्लुटेनला घट्टपणा देतं. भाजलाच तरी मी तो, हट्टाने. चव म्हणाल तर ओला पुठ्ठा. आणि हो, उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका, फ्रिजच्या तापमानाला स्टार्च परत लवकर घट्ट होतो, म्हणजे बाहेरच्यापेक्षा तिथेच तो पटकन शिळा होतो. कापून फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तसा टोस्टरला लावा.

तर या सगळ्यात मला एक हिशोब लागला. हाताचा वेळ वेगळा आणि घड्याळाचा वेळ वेगळा. ब्रेडला घड्याळाचे वीस तास जातात पण हाताची वीस मिनिटं. दह्याला रात्र जाते पण हाताची दहा मिनिटं, तीही दुधावर लक्ष ठेवण्यात. "घरी करायला वेळ कुठे आहे" असं आपण म्हणतो तेव्हा ही दोन घड्याळं एकत्र केलेली असतात.

आणि केचपमध्ये ती खरंच एकत्र होतात! टोमॅटोत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे केचप करणं म्हणजे ते पाणी आपण उभं राहून उडवत बसणं. दोन किलो टोमॅटो घेतले, अडीच तास ढवळत राहिलो कारण सोडलं की बुडाला लागतं, शिवाय ते फुटफुट उडतं, मनगटावर दोन फोड आले, भिंतीवर लाल ठिपके, आणि शेवटी हातात काय आलं, एक छोटी बाटली. मुलीने चाखून विचारलं, "बाबा, नेहमीचं संपलं का?" भांडी अर्थातच मी घासली.

मेयोनीज पाच मिनिटांत होतं पण त्या पाच मिनिटांत तेल थेंब थेंबच घालायचं, धार धरली की फाटलं. फाटलं तर टाकू नका, नवीन बलक घ्या आणि फाटलेलं त्यात थेंबाथेंबाने फेटत जा, परत जमून येतं. अंडं कच्चं असतं म्हणून मी दोनच दिवस ठेवतो, तेही फ्रिजमध्ये. पीनट बटर मात्र डोळे झाकून घरी करा, भाजलेले दाणे मिक्सरमधे फिरवत राहायचं, आधी कूट, मग गोळा, आणि आता मोटर जळणार असं वाटतं तेव्हा तेल सुटून एकदम पातळ होतं. जॅमचं १०५ अंशाला काम होतं, त्याबद्दल फार काही नाही.

एक गोष्ट गंमतीत नाही सांगत. लसूण तेलात घालून ती बाटली ओट्यावर ठेवायची कल्पना मला फार आवडली होती, केली नाही ते बरं झालं. तेलाखाली हवा नसते आणि लसणाला आंबटपणा नसतो, बोट्युलिझम म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा, तिच्या जिवाणूला नेमकं हेच लागतं, आणि त्याचं विष वासाने चवीने कळत नाही. घरचं म्हणजे चांगलंच असं काही नसतं ओ.

महिना केव्हाच संपला. फ्रिजच्या दारात केचपची विकतची बाटली परत आलीये, मेयोनीज कधी घरचं कधी विकतचं. दही आणि ब्रेड राहिले. मिठाचा तो प्रकार झाल्यापासून मी ८ ग्रॅम मीठ आधी मोजून एका वाटीत काढतो आणि झोपायच्या आधी वाटी बघून येतो. आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पीठ झाकून झालंय आणि वाटी, थांबा बघून येतो, हं, रिकामी आहे.