तंबोरा ऐकू येतोय का?

बाबा दर डिसेंबरात पुण्याला जायचे. अकोल्याहून रात्रीची गाडी, काखेत गुंडाळलेली निळी सतरंजी आणि सोबत ऑफिसातले दोन मित्र. शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रमणबागेच्या मैदानावर भरायचा आणि रात्रभर चालायचा. बाबा परत यायचे ते लाल डोळे घेऊन. मग पुढचे आठ दिवस आईला ऐकवत बसायचे, शेवटच्या पहाटे भीमसेन जोशी कसे रंगले, तोडी कुठून कुठे गेली.

आई भाजी निवडत ऐकून घ्यायची. गंमत अशी, की गाणं शिकलेली होती ती. विशारद झालेली. बाबांना राग नीट ओळखताही यायचे नाहीत. पण घरात आम्ही दोघं भावंडं लहान, आजी अंथरुणावर, त्यामुळे आईनं जायचा प्रश्न कधी निघालाच नाही. प्रश्न निघाला नाही हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, हा भाग वेगळा.

बाबा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात चहा पिता पिता आई म्हणाली, "यंदा मला सवाईला ने." तिला ७४ वं चालू होतं. गुडघे दुखतात, बीपीसाठी पाण्याची गोळी असते, म्हणजे जिच्यानं सारखं लघवीला जावं लागतं ती, आणि दोन्ही कानांना मशीन आहे.

मी हो म्हटलं आणि लगेच एक वाईट बातमी दिली. आता रात्रभर नसतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. सवाईत ती शनिवारी मिळते, बाकी दिवशी दहाला सगळं बंद. जागाही बदलली, रमणबाग सोडून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी मोकळी होईस्तोवर यांनी रात्रच संपवून टाकली."

तयारीला लागलो तेव्हा मला वाटत होतं, गुडघे आणि बाथरूम हेच दोन मोठे प्रश्न. निघाला तिसराच.

मशीन लावल्यापासून आईची एक तक्रार असायची, "रेडिओवाल्यांचे तंबोरे चोरीला गेले काय?" आम्ही हसायचो. वय झालं, कान गेले, तंबोरा बारीक असतो, नसेल येत ऐकू, असं मी धरून चालले होते. सवाईच्या निमित्तानं तिला ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे कान तपासून मशीन लावून देणाऱ्यांकडे नेलं तेव्हा तिनं माझ्या फोनवरचं तंबोऱ्याचं ॲप त्यांच्या टेबलावर सुरू करायला लावलं आणि एकेका तारेचं नाव घेत म्हणाली, "बघा, आता येतोय. पहिली तार, जोड, खर्ज. आता जातोय. गेला." आम्हाला दोघांना तो व्यवस्थित ऐकू येत होता. तिच्यासाठी तो चारपाच सेकंदांत विरून जात होता.

कारण कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. मशीन बनवलेलं असतं बोलणं ऐकण्यासाठी. बोलणं सारखं वरखाली होत असतं. पंखा, एसी, मोटारीची घरघर मात्र एकसारखी चालते. म्हणून जो आवाज एकसारखा येतो तो गोंगाट समजून मशीन त्याला दाबून टाकतं. आता तंबोऱ्याइतका एकसारखा आवाज दुसरा कुठला? ज्या आधारावर सगळं गाणं उभं राहतं, नेमका तोच मशीन मन लावून पुसून टाकत होतं. आणखी एक भानगड होती. मशीनला स्वतःची शिट्टी अडवायची सवय असते. गायकानं सूर लांबवून धरला की त्यालाही ते शिट्टीच समजतं आणि त्याला छेडायला जातं, मग सूर थरथरल्यासारखा येतो. आई वर्षभर म्हणत होती, "हल्ली सगळ्यांचे सूर हलतात." आम्हाला वाटलं, जुन्या पिढीचं नेहमीचं.

तर उपाय असतो. संगीतासाठी मशीनमध्ये वेगळा प्रोग्रॅम करून मिळतो. त्यात गोंगाट दाबणं बंद, शिट्टी अडवणं बंद किंवा अगदी हळू आणि मोठ्या-लहान आवाजातला फरक शक्य तितका तसाच ठेवायचा. हे कोणी आपणहून सांगत नाही, मागावं लागतं. आमच्या तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी आई फोनवर तंबोरा लावायची, मान तिरपी करून ऐकायची आणि "पंचम जरा पत्र्यासारखा वाजतोय" (पंचम म्हणजे प हा सूर) वगैरे सांगायची. तिथला तो बिचारा मुलगा निमूटपणे काँप्युटरवर रेघा वरखाली करायचा. शेवटी मशीनच्या बटणावर दोन नंबर ठरले. एकदा टिंग वाजलं की बोलणं, दोनदा वाजलं की गाणं.

बाकीची तयारी पटापट सांगते. पाण्याच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घेतली. आपल्या मनानं गोळी चुकवायची नाही आणि पाणी पिणंही तोडायचं नाही, हे त्यांनी आईला दोनदा बजावलं, कारण तिचा बेत नेमका तोच होता. तिकिटं खुर्चीची काढली. आईला भारतीय बैठक हवी होती. मी म्हटलं, बसशील, पण उठवणार कोण? ती रुसली. पण निघताना बघते तर बॅगेत बाबांची निळी सतरंजी.

रेल्वेत मी माती खाल्ली. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत तर मार्च २०२० मध्येच बंद झालीय, पण खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो आणि बायकांना तो ४५ व्या वर्षापासून मिळतो. अट अशी, की प्रवासी एकटा हवा किंवा दोघं असतील तर दोघंही त्या वयातले हवेत. मी ४३ ची. दोघींचं तिकीट एकत्र काढलं, साध्या कोट्यात गेलं आणि ७४ वर्षांच्या बाईला वरचा बर्थ मिळाला. एका कॉलेजातल्या मुलानं अदलाबदल करून दिली म्हणून निभावलं. येताना मी शहाणी झाले. आईचं तिकीट वेगळं काढलं, त्या कोट्यातून, आणि तिला खालचा मिळाला. मी त्याच डब्यात सात बर्थ पलीकडे, वर.

शुक्रवारी सकाळी पुण्यात उतरलो. मुक्काम सहकारनगरात मामेबहिणीकडे, तिथून मैदान जवळ. दुपारी लवकरच निघालो. तरी दारात रांग होतीच आणि दार उघडताच बैठकीची माणसं चटया-चादरी घेऊन अशी धावली, की आई म्हणाली, "तुझे बाबा पळायचे का गं असे? घरी तर नळाला पाणी आलं तरी उठायचे नाहीत."

जागा निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. खुर्ची मधल्या वाटेला लागून हवी, म्हणजे उठताना दहा जणांच्या पायांवरून जावं लागत नाही. आणि स्पीकरच्या खांबाजवळ नको. पुढे बसलं की चांगलं ऐकू येतं ही समजूत मशीनवाल्यांनी सोडून द्यावी. आवाज फार मोठा झाला की मशीन तो कापतं आणि फाटल्यासारखं येतं. आम्ही बरंच मागे बसलो, स्टेजवरची माणसं पडद्यावर पाहिली. सतरंजीची चौघडी करून आईनं खुर्चीवर टाकली.

पहिली संध्याकाळ फसली. ऊन उतरलं तशी थंडी वाजायला लागली. मांडवाला छत असलं तरी कडा उघड्या, वारं सरळ आत येतं. मी काळजीनं आईला लोकरीचा स्कार्फ कानांवरून गच्च बांधला. आलाप नुकताच सुरू झालेला, सगळीकडे चिडीचूप, आणि आईच्या कानातून शिट्टी. कुईं. पुढच्या रांगेतले तिघं वळले. मशीनवर काही दाबून बसलं की आतला आवाज फिरून माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. एरवी ती अडवणारी सोय आम्हीच तर गाण्यासाठी काढून टाकलेली. स्कार्फ सोडला तर थंडी, बांधला तर शिट्टी. आई घाबरून एक नंबरावर गेली आणि ती सगळी संध्याकाळ तिनं तंबोऱ्याशिवाय ऐकली. घरी परतताना रिक्षात गप्प होती.

रात्री मामेबहिणीनं तोडगा काढला. कान मोकळे ठेवून वरून डोक्याला सुती रुमाल, गळ्याभोवती मफलर आणि पोटाशी गरम पाण्याची पिशवी. आई आरशात बघून म्हणाली, "बैलगाडी हाकायला चालले काय मी?" पण चाललं. शिट्टी नाही.

शनिवारी सकाळी तिला सवाई गंधर्व स्मारकात नेलं. महोत्सवाच्या दिवसांत तिथे 'षड्ज' नावानं कलावंतांवरचे माहितीपट दाखवतात. गर्दी कमी, बसायला बरं आणि मशीनला सराव. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले, १९५३ पासून भीमसेनजींनी गुरूच्या नावानं हा महोत्सव सुरू केला, हे तिला पाठच होतं. भीमसेनजी २०११ मध्ये गेल्यावर नावात 'भीमसेन' आलं, ते मात्र तिला बाहेरच्या फलकावरच दिसलं. बाबांनी सांगितलं नव्हतं म्हणाली. तोवर त्यांचंही जाणं बंद झालं होतं.

आणि मग ती संध्याकाळ. एक तरुण गायिका बसली. मागे दोन तंबोरे. वाद्यं लागत होती, लोक चहाला उठत होते, मी बाथरूमसाठी आईला उठवायला गेले. माझा शिरस्ता ठरलेला होता, कलाकार बदलताना जाऊन यायचं. तिनं माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"थांब. पंचम नाहीये."

"काय?"

"पहिली तार निषादाला लावलीय. मारवा गाईल ही. नाहीतर पुरिया." या दोन्ही रागांत पंचम वर्ज्य, म्हणजे तो सूर लागतच नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला न ठेवता निषादावर, म्हणजे नी या सुरावर, आणतात. हे मला तिनं नंतर समजावलं. त्या क्षणी मला तंबोरा म्हणजे नुसता गुंजारव ऐकू येत होता. गर्दीची कुजबुज, खुर्च्या सरकवल्याचे आवाज आणि त्या सगळ्याखालची एकच तार तिनं वेगळी काढली होती, ७४ वर्षांच्या कानांनी आणि दोन बॅटऱ्यांवर.

मारवाच होता. दहा मिनिटांनी ती हळूच म्हणाली, "सूर हलत नाहीये." मग काही बोलली नाही. बाथरूमला आम्ही पाऊण तासानं गेलो, घाईघाईनं, त्याचं वर्णन नको.

त्या रात्री बारापर्यंत बसलो. साडेदहाला उजव्या कानातली बॅटरी संपली. सुटी बॅटरी पर्समध्ये होती, ३१२ नंबरची, तपकिरी स्टिकरवाली. इथे एक लक्षात ठेवायचं. स्टिकर काढल्यावर एखादं मिनिट ती तशीच उघडी ठेवायची, तिला हवा लागते, मगच आत बसवायची. आणि उद्यासाठी म्हणून आधीच स्टिकर काढून ठेवायचं नाही. न वापरताही ती उतरत जाते. मी मोबाइलच्या उजेडात तळहातावर बॅटरी घेऊन साठ आकडे मोजले. आई डाव्या कानानं ऐकत राहिली.

रविवारी दुपारी बारालाच सुरुवात असते, त्यामुळे सारंग, भीमपलासी असं दुपारचंही कानावर पडलं. पहाटेचं तेवढं राहिलं. सांगतेला सवाई गंधर्वांच्याच आवाजातली भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. खरखर खूप, वर त्यांचा तो बारीक, अणकुचीदार आवाज. लोक आवराआवरी सोडून थांबतात. मी आईकडे पाहिलं, ती रडत असेल असं मला वाटलं होतं. ती पुढे वाकून, कानामागे हात न लावता, नुसती ऐकत होती. संपल्यावर सतरंजी झटकली, घडी केली आणि म्हणाली, "तुझ्या बाबांनी हे कधीच सांगितलं नाही. यावेळी झोपत असणार."

अकोल्याला परतल्यावर आठवड्यानं मशीन दाखवायला गेलो. सगळं ठीक आहे का, काही बदलायचं का, त्या मुलानं विचारलं. आईनं नीट विचार करून सांगितलं, की मशीन लावलं की आधी गाण्याचा प्रोग्रॅम सुरू झाला पाहिजे. लोकांचं बोलणं दोन नंबरावर टाका.

त्यानं टाकलं. तेव्हापासून मला तिला दोनदा हाक मारावी लागते.