स्पिती, दिवस सहावा: काळ्या प्लगचे मूळ सापडले

हिमाचलच्या या वाटेवर काल नाको गावात आणि आज काझ्यात असे दोन दिवस मोटरसायकलने माझी परीक्षा पाहिली. दोष अखेर सापडला आहे, आणि माझ्यासारखे कार्ब्युरेटरवाली जुनी साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन या बाजूला येणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

खाबला सतलज आणि स्पिती या नद्यांचा संगम आहे. तिथून पुढे डोंगर अगदी अंगावर येतात. आपल्या ताम्हिणीत किंवा वरंध्यात दरी असली तरी हिरवळीचा आधार वाटतो. इथे एका बाजूला कोरडा, सुटा, कधीही घरंगळेल असा कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल घळीत राखाडी पाणी. त्यानंतर ‘का’ नावाच्या गावची वळणे चढू लागलो आणि गाडी घुसमटू लागली. पिकअप गेला, दुसऱ्या गिअरवरही ओढेना, आणि सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला. नाकोला स्पार्क प्लग काढला, तर त्यावर बोटाला लागेल इतकी कोरडी काजळी होती.

पहिला संशय अर्थातच उंचीवर गेला. साडेतीन हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो. हवा विरळ होते, पण कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, जवळपास पूर्वीइतकेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे मिक्श्चर रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते. म्हणून प्लग बदलला, एअर फिल्टर झटकला, मिक्श्चरचा स्क्रू पाऊण आटा लीन, म्हणजे पेट्रोल कमी करणाऱ्या, बाजूला फिरवला. आयडलिंग थोडे सुधारले, चढावर फरक शून्य. मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती: आमच्या चौघांत दुसरीही गाडी कार्ब्युरेटरचीच आहे, आणि ती त्याच चढावर फक्त थोडी मंदावली होती. म्हणजे दोष निव्वळ उंचीचा नव्हता.

उलगडा माझ्या मागून येणाऱ्या मित्रामुळे झाला. ताबोला चहा घेताना तो म्हणाला, "अरे, तुझा धूर उजव्या वळणावरच जास्त येतो. डाव्या वळणावर गाडी बरी चालते." काझ्याला पोहोचताच गाडी मधल्या स्टँडवर लावून आयडलिंगवर ठेवली आणि हँडल हळूहळू उजवीकडे वळवले. इंजिनाचा आवाज जड झाला, बसू लागला. हँडल सरळ करताच सावरला. चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना पेट्रोल वाढवणाऱ्या सोयीची, केबल! मागच्या नोंदीत ज्या हँडल राइझरचे, म्हणजे हँडल उंच करणाऱ्या जोडतुकड्यांचे, मी मनापासून कौतुक केले होते, त्यांच्यामुळे हँडल वर आले, पण केबल जुन्याच लांबीची राहिली. हँडल उजवीकडे वळले की चोकचा लिव्हर असलेली डावी मूठ पुढे जाते, केबल ताणली जाते आणि चोकचा प्लंजर (दट्ट्या) उचलला जाऊन जास्तीचे पेट्रोल जाते. सरळ हँडलवरही तो पूर्ण बसत नव्हता. पुण्यात एवढे जास्तीचे पेट्रोल खपून गेले, इथल्या विरळ हवेत ते उरावर बसले.

केबलच्या ॲडजस्टरचे आटे संपलेले होते. हेडलाइटच्या मागचे दोन केबल टाय कापले, केबल फ्रेमच्या आतल्या बाजूने घेतली आणि लिव्हरपाशी दोन मिलिमीटरची ढील मिळाली. नवा प्लग टाकून पंधरा किलोमीटर फिरून आलो. प्लगचे टोक भाजक्या विटेच्या रंगाचे निघाले, आणि तो रंग पाहून झालेला आनंद शब्दांत मांडणे कठीण आहे. राइझर उत्तमच आहेत, पाठ दुखत नाही. परंतु ते बसवणाऱ्याने लांब केबलही सोबत घ्यावी. नाना पेठेतून आणलेला टी-पाना मात्र सोन्यासारखा निघाला. गाडीसोबत मिळणारा पाना प्लगवर हमखास घसरतो.

उद्या विश्रांती घेऊन परवा लोसर गावामार्गे कुंझुम खिंड ओलांडायचा बेत होता, आणि त्यासाठी एक नंबर लहान मेन जेट टाकणार होतो. लिहिता लिहिता दोन गोष्टी ध्यानात आल्या. अटल बोगद्यातून मनालीकडे उतरल्यावर तोच जेट मिक्श्चर लीन करील आणि इंजिन तापवील, म्हणून जेटला हात लावणार नाही. आणि काझ्याहून जवळच कॉमिक गाव आहे, साडेचार हजार मीटरांच्या पुढे, म्हणजे साधारण कुंझुमइतकेच उंच. तेव्हा विश्रांती रद्द; उद्या सकाळी सामान इथेच ठेवून आधी कॉमिकला जाऊन येतो. तिथे गाडी उजव्या वळणांवर नीट चढली, तर परवा पहाटेच काझा सोडू, कारण दुपारी बर्फ वितळून पुढच्या नाल्यांचे पाणी वाढते. नाही चढली, तर नाकोच्या वाटेने परत फिरू.