बेंचवरची ती माणसं

आज लेकीला घेऊन अमेरिकेतल्या स्टॉर्सला गेले होते, गँपल पॅव्हिलियनला, यूकॉनच्या (कनेक्टिकट विद्यापीठाच्या) मुलींची बास्केटबॉलची मॅच बघायला. पण खरं सांगू, माझं अर्धं लक्ष बेंचकडेच होतं. एक मुलगी दोन फाऊल करून बाहेर आली, टॉवेल तोंडावर घेऊन बसली, आणि एक असिस्टंट कोच लगेच गुडघ्यावर बसून तिच्याशी बोलायला लागली, बोटाने जमिनीवर काहीतरी आखत, पाय कुठे ठेवायचा ते दाखवत असावी. पाच मिनिटांनी तीच मुलगी परत आत गेली आणि मस्त डिफेन्स केला तिने.

घरी येताना लेकीला यूकॉनच्याच बेंचवरच्या कोच क्रिस डेलीबद्दल सांगत होते. रटगर्स विद्यापीठाकडून खेळायची, 1982 ला चॅम्पियन टीममध्ये होती, मग असिस्टंटचं काम करत 1985 ला हेड कोच जीनो ऑरिएमासोबत इथे आली, तेव्हा यूकॉनच्या टीमला कोणी विचारत पण नव्हतं. आज 12 नॅशनल टायटल्स झालीत आणि ती अजून त्याच बेंचवर आहे. रिक्रूटिंगसाठी, म्हणजे टीमला नव्या मुली शोधायला, गावोगावच्या शाळा पालथ्या घालायच्या, व्हिडिओ बघायचे, मुलींची घरची दुखणी ऐकायची, हे सगळं चाळीस वर्षं!

आयोवा विद्यापीठाच्या जॅन जेन्सनचंही तसंच, हेड कोच लिसा ब्लूडरसोबत इतकी वर्षं असिस्टंट, आणि 2024 ला हेड कोच झाली.

आम्ही नागपूरला कॉलेजकडून खेळायचो तेव्हा असं शेजारी येऊन बसणारं कोणीच नव्हतं गं. लेक म्हणाली, "आई, मला असिस्टंट कोच व्हायचंय." किती बरं वाटलं मला!