छोटं इंजिन, भरलेला हौदा: ॲव्हरेजची पुढची नोंद

मागच्या वेळी आमच्या छोट्या पेट्रोल पिकअपचा ॲव्हरेजचा आकडा लिटरला ११.४ किलोमीटरवर अडकला होता. "इंजिन एवढं लहान, मग पेट्रोल जातं कुठे?" असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. आता घाट धरून, भरल्या-रिकाम्या फेऱ्या मिळून सरासरी १३.६ पडते आहे. ब्रोशरवरच्या आकड्यापासून हे अजून लांबच आहे, पण पेट्रोल कुठे जातं ते आता बरंचसं कळलं आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, रिकाम्या गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. वाईजवळ आमची नर्सरी आहे. कुंड्या, माती, शेणखताच्या गोण्या घेऊन गाडी एकतर पसरणी घाटाने पाचगणीला चढते, नाहीतर हायवेने पुण्याला जाते. येताना बहुतेक वेळा रिकामी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सापडलं ते कुठल्याही छोट्या पेट्रोल पिकअपला लागू पडेल.

आधी मोजायच्या पद्धतीबद्दल, कारण निम्मे वाद तिथेच होतात. एकच पंप, शक्यतो एकच नोझल, पहिल्या कटला (नोझल आपोआप बंद होतं तिथे) थांबायचं आणि पुढे थेंबभरही भरायचं नाही. टाकी लहान असल्यामुळे एका फिलिंगमध्ये अर्धा लिटर इकडेतिकडे झाला तरी आकडा हलतो, म्हणून एका टाकीवरून मी काहीच ठरवत नाही, सलग काही टाक्यांची बेरीज धरते. मीटरचं अंतर हायवेच्या किलोमीटरच्या दगडांशी आणि जीपीएसशी ताडून पाहिलं, तर आमचं मीटर सुमारे ३ टक्के जास्त दाखवतं. म्हणजे मीटरवर विसंबून जो १४ म्हणतो त्याचे खरे साडेतेराच असू शकतात. इथले सगळे आकडे ती वजावट करून लिहिले आहेत.

पहिला मोठा चोर थर्मोस्टॅट निघाला, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही, फक्त इंजिन थंड असताना निळा दिवा लागतो. तो विझला की सगळं ठीक असं आपण धरून चालतो. ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटचा) ब्लूटूथ स्कॅनर लावून फोनवर कूलंटचं तापमान बघायला लागले तेव्हा गंमत कळली. थंडीच्या दिवसांत सकाळी वाईहून निघाल्यावर हायवेवर ते ६८-७० च्या वर जायलाच तयार नाही. चढ लागला की ८५, उतार लागला की परत ७२. थर्मोस्टॅट उघड्या स्थितीत अडकला असला की असंच होतं: कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिन पुरतं तापतच नाही. इंजिन अजून थंड आहे असं समजून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिक्श्चर रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त ठेवतो, ऑइल जाड राहतं, आयडलिंगही थोडं चढं राहतं. गाडी कुठेही कुरकुरत नाही, दिवा लागत नाही. सर्व्हिसिंगला प्रत्येक वेळी "गाडी एकदम ओके" असंच ऐकायला मिळायचं, कारण तिथे गाडी उभी असताना बघतात, आणि उभ्या गाडीत तापमान बरोबर येतं.

नवा थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि कूलंट टाकल्यावर तापमान ८६ ते ९० मध्ये घट्ट बसलं. ११.४ चे १२.२ झाले, तेही इतर कशालाही हात न लावता. तुमच्या गाडीला काटा नसेल तर बाकी काही करण्याआधी हे एकदा बघाच. स्कॅनर महाग नसतो.

ब्रेकचं प्रकरण छोटं होतं. पुण्याहून आल्याआल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांच्या मध्यभागी नेम धरला. तीन चाकं पन्नासच्या आसपास, मागचं डावं ८३. जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर अर्धा वेढा घेऊन थांबायचं. हँडब्रेकची केबल गंजून आवरणात अडकली होती, त्यामुळे लायनर ड्रमला सतत घासत होते. केबल बदलली, ड्रम उघडून साफ केले. हवेचं म्हणाल तर दाराच्या पट्टीवर लोडसाठी मागच्या चाकांचा वेगळा आकडा छापलेला असतो. तो रिकाम्या गाडीच्या आकड्यापेक्षा बराच जास्त असतो आणि पंक्चरवाला आपणहून तेवढी हवा भरत नाही, सांगावं लागतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते.

लहान इंजिन पेट्रोल वाचवतं ते कशामुळे, हे आधी बघायला हवं. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर थोडासाच दाबलेला असतो तेव्हा थ्रॉटल अर्धवट मिटलेला असतो आणि त्या फटीतून हवा ओढून घेण्यातच ताकद वाया जाते. मोठं इंजिन हलक्या कामावर असलं की हे नुकसान जास्त. तेच काम लहान इंजिनाला दिलं की थ्रॉटल जास्त उघडा राहतो, नुकसान घटतं. म्हणजे बचत होते ती हलक्या कामात. भरलेल्या पिकअपला हलकं काम नशिबातच नसतं. इंजिनाचा लोड सतत ८५-९५ टक्के दिसतो, आणि त्या टोकाला दुसराच खेळ सुरू होतो: पेडल जमिनीला टेकलं की ईसीयू नेहमीचं प्रमाण सोडून मिक्श्चर रिच करतो, ताकद मिळावी आणि इंजिन व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फार तापू नये म्हणून. स्कॅनरवर लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे नेमकं प्रमाण) १ वरून ०.८७ वर आलेला दिसतो. याचा सरळ अर्थ, तेवढ्याच हवेत सुमारे १५ टक्के जास्त पेट्रोल. ते पूर्ण जळतही नाही.

पसरणी घाटाचा हिशोब मांडून बघितला. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १२९० वर. चढ ५७० मीटरचा, रस्ता बारा किलोमीटरच्या आसपास. गाडी, माल आणि माणूस मिळून १६०० किलो धरले तर एवढं वजन फक्त वर उचलायला जवळपास ९ मेगाज्यूल लागतात. आपल्याकडच्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३० मेगाज्यूल असतात आणि त्यातले पाव हिस्सा चाकापर्यंत पोचले तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे सव्वा लिटर नुसतं उचलण्यात गेलं. टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा मिळवला की दीड लिटरच्या पुढे. कुठलंही तेल, कुठलीही ॲडिटिव्हची बाटली, कुठलाही प्लग हा आकडा खाली आणणार नाही. घाटात भरल्या गाडीने सात-साडेसात दिले तर गाडी ठणठणीत आहे. हे समजलं तेव्हा माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, कारण तोपर्यंत घाटातल्या आकड्यासाठी मी इंजिनाला दोष देत होते.

चालवण्यात मात्र फरक पडतो. तिसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबून ३५-४० ने चढलं की वर पोचेपर्यंत १.९ लिटर जातात. दुसऱ्यात, पेडल पाऊणपर्यंत, ३० च्या आसपास चढलं की १.६५. लॅम्डा जवळजवळ पूर्ण वेळ १ वर राहतो. आरपीएम जास्त असल्यामुळे आवाज मोठा येतो आणि शेजारी बसलेल्याला वाटतं इंजिन ताणलं जातंय. प्रत्यक्षात ताण कमी असतो. वेळेचा फरक पाच-सहा मिनिटांचा. (हे लिटर स्कॅनरच्या हिशोबाचे आहेत, पण टाकीच्या आकड्याशी जुळवून घेतलेले. थेट स्कॅनरवर विश्वास ठेवू नका, बरीच ॲप्स शुद्ध पेट्रोल धरून चालतात.)

उताराबद्दल अण्णांशी माझं कायम वाजायचं. त्यांनी जन्मभर घाट न्यूट्रलमध्ये उतरवले आणि कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडंफार पेट्रोल वाचतही असेल. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी गिअरमध्ये ठेवून पेडल सोडलं की ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं, तासाला अर्धा-पाऊण लिटर. शिवाय सगळा भार ब्रेकवर, आणि पसरणीच्या वळणांवर तापलेले ब्रेक म्हणजे काय ते वाईकरांना सांगायला नको. एकदा त्यांनाच शेजारी बसवून फोन हातात दिला. तिसऱ्या गिअरमध्ये उतरताना स्क्रीनवर ०.०, न्यूट्रल केलं की ०.७. ते वळणामागून वळण तो आकडा बघत राहिले आणि खाली आल्यावर म्हणाले, "बाळे, मग क्लच दाबला तरी सुरू होत असेल ना?" होतं. क्लच दाबला की इंजेक्टर लगेच चालू होतात. हे मला त्यांच्या प्रश्नामुळे तपासायला सुचलं. तेव्हापासून तेही गिअरमध्येच उतरतात.

सपाटीवर खरा शत्रू हवा आहे. आमच्या हौद्यावर अँगलचा सांगाडा आहे, रोपं दोन मजल्यांत ठेवायला, आणि वाऱ्याने पानं फाटू नयेत म्हणून त्याला हिरवं शेडनेट. केबिनच्या टपाच्या वर दीड फूट उभं राहिलेलं ते जाळं ८० च्या वेगाला शिडासारखं फुगतं. वेग ६० वरून ८० केला की हवेचा अडथळा पावणेदोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. हायवेवर भरल्या गाडीने ८० ने ११.८ मिळाले, ६० ते ६५ मध्ये १५ च्या आसपास. एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही. सांगाड्याचा वरचा मजला आता बिजागऱ्यांवर केला आहे, येताना दुमडून हौद्यात आडवा पडतो आणि फाळका लावून टाकतो. पुण्याहून रिकामं येताना १७ दिसायला लागले.

यावरून एक गोष्ट पटली की इंजिनाची घनक्षमता कमी केली म्हणून गाडीचं वजन आणि समोरचं क्षेत्रफळ कमी होत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपमध्येही हेच दिसलं आहे. शेवरले सिल्व्हरॅडोला २०१९ च्या मॉडेलपासून २.७ लिटरचं चार सिलिंडर टर्बो इंजिन मिळालं. इंजिन ५.३ लिटरच्या व्ही-८ च्या निम्म्याएवढं, पण हायवेचा अधिकृत आकडा मोठ्या इंजिनाच्या जवळपासच राहिला. हवा कापायला आणि वजन ओढायला जी ताकद लागते ती लागतेच, मग ती चार सिलिंडर देवोत की आठ.

ब्रोशरच्या आकड्याचंही सांगते. आपल्याकडची प्रमाणित चाचणी रोलरवर होते. सुमारे वीस मिनिटांचं ठरलेलं चक्र, कमाल वेग ९०, त्यातला मोठा भाग शहरी संथ वेगाचा. हौदा काठोकाठ भरून, सांगाडा आणि शेडनेट लावून, ५७० मीटर चढवून ती होत नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे, रोजच्या धंद्याचा हिशोब मांडायला नाही.

ई-२० बद्दल बरेच जण सगळा दोष त्यालाच देतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं आहे की ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींत ई-२० वर ६ ते ७ टक्के घट येऊ शकते, ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्यांत १ ते २ टक्के. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे घट खरी आहे. आमच्या भागात ऊस आहे, साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, इथेनॉलचा पैसा शेतकऱ्यापर्यंत पोचतो हेही मी बघते. पण ग्राहकाला लिटरमागे ऊर्जा कमी मिळत असेल तर दरात ते दिसायला हवं, हे माझं ठाम मत आहे. मात्र ११ आणि १५ मधला फरक इथेनॉलचा नाही. तो वेगाचा, थर्मोस्टॅटचा आणि अडकलेल्या ब्रेकचा होता.

सीएनजीवाल्यांशी तुलना करताना एक ध्यानात ठेवा: त्यांचा आकडा किलोमागचा असतो. एका किलो सीएनजीत एका लिटर पेट्रोलच्या दीडपटीहून अधिक ऊर्जा असते, म्हणून त्यांचे २० आणि आपले १३ इंजिनाच्या दृष्टीने सारखेच. रुपयांत ते पुढे असतील, ते वेगळं.

सध्याची स्थिती अशी: पाचगणीची फेरी जाऊन-येऊन १२.९, पुण्याची १४.४. इंजिनकडून आता फारसं काही निघेल असं वाटत नाही. रोज घाटात भरून चढायचं असेल तर मी कुणालाही छोट्या पेट्रोलऐवजी डिझेल बघायला सांगेन, दोन पैसे जास्त गेले तरी. डिझेलला थ्रॉटलचं नुकसान नाही आणि पेडल दाबल्यावर पेट्रोल इंजिनासारखं रिच होणंही नाही.

पुढचं काम केबिनच्या टपावर तिरका पत्रा लावून सांगाड्यावरची हवा वळवण्याचं. गॅरेजवाल्याकडे जुन्या ट्रकचा एक पडला आहे, तो कापून बसवणार आहे. पावसाळा लागायच्या आत कोरड्या रस्त्यावर ६५ आणि ८० ला आधीचे-नंतरचे आकडे घ्यायचे आहेत. १ ते १.२ लिटरच्या पेट्रोल पिकअप चालवणाऱ्यांनी आपले आकडे कळवताना तीन गोष्टी सोबत लिहा: कूलंटचं स्थिर तापमान, हायवेवरचा वेग आणि हौद्यातलं वजन. नुसता ॲव्हरेजचा आकडा आला तर तो कशाशी जुळवायचा तेच कळत नाही.