दोन किटं फोडून एक एसटी

सोसायटीच्या गणपतीत मांडवाच्या कडेला टेबलावर मॉडेलं मांडली की एक प्रश्न ठरलेला. "एवढी महागाची दोन किटं आणायची, फोडायची, आणि त्यातून एकच बस करायची? एसटीचं तयार किट मिळत नाही का?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा बैजवार सांगतो.

नाही मिळत. किट म्हणजे सुटे भाग जोडून मॉडेल करायचं खोकं. प्लास्टिक किटचा साचा पोलादात कोरावा लागतो आणि तो खर्च हजारोंनी खोकी खपली तरच भरून निघतो. तामिया, इटालेरी, रेव्हेल या किट काढणाऱ्या मंडळींचं गिऱ्हाईक जपान, युरोप, अमेरिकेत. त्यांना व्होल्वो हवी, स्कॅनिया हवी. स्वारगेटला लागलेली सातारा गाडी कोणाला हवी असणार? मला हवी. मग ज्या खोक्यात जे सापडेल ते उचलायचं, उरलेलं स्वतः करायचं. या उद्योगाला किटबॅशिंग म्हणतात.

आणि खरी एसटी तरी कुठे एका खोक्यातून आली? १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली, हे बऱ्याच जणांना पाठ असतं. पुढे वर्षानुवर्षं चासी, म्हणजे चाकांसकटचा खालचा सांगाडा, टाटा नाहीतर अशोक लेलँडकडून यायची आणि वरची बॉडी एसटीच्याच वर्कशॉपमध्ये बांधली जायची. आपल्याकडे पुण्यात दापोडी, संभाजीनगरला चिकलठाणा, नागपूरला हिंगणा. गाडीचा नंबर बघून ती कुठे बांधली हे सांगणारे लोक असतात. एमएच १४ म्हटलं की दापोडी, एमएच २० की चिकलठाणा. गणपतीत हेच लोक टेबलापाशी सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात आणि चुकाही तेच काढतात. त्यांच्यासमोर खिडकीच्या गजांची संख्या चुकून चालत नाही.

आता दोन किटं का, ते. १/२४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या मापात, मिळणारे बहुतेक ट्रक हे ट्रेलर ओढणारे, त्यामुळे त्यांची चासी आखूड. एसटी अकरा मीटरच्या आसपास, म्हणजे या मापात दीड फूट. एका चासीत ती बसतच नाही. शिवाय नव्या युरोपियन ट्रकना मागे हवेचे फुगे असतात. एसटीला पाटे, म्हणजे एकावर एक पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा हव्यात, तेव्हा जुन्या बनावटीच्याच ट्रकचं किट शोधावं लागतं. ते महाग, आणि दोन घ्यायचे. घरी किंमत सांगताना मी एकाचीच सांगतो.

जोडकाम हा खरा आनंद. चासीच्या दोन्ही दांड्या एकाच रेषेत कापायच्या नाहीत. डावीचा काप पुढे, उजवीचा तीनेक सेंटीमीटर मागे, म्हणजे सगळा ताण एका जागी येत नाही. आतून प्लास्टिकची पट्टी, आरपार पितळी तारेची खिळी, आणि मग पातळ सिमेंटचा (बांधकामाचं नव्हे, मॉडेल जोडायचं द्रावण) ब्रश नुसता फटीला टेकवायचा. सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. ते फेव्हिकॉलसारखं चिकटवत नाही. किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, विरघळवतं आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर आली की समजायचं, धरलं. ती कड लगेच पुसायची नाही. काचेवर सरळ ठेवून रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी कानशीने सपाट करायची.

बॉडी मात्र कुठल्याच किटात नसते. ती पातळ प्लास्टिक शीटची. खऱ्या गाडीसारखे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचे रिव्हेट दिसले नाहीत तर ती एसटी वाटतच नाही, म्हणून शीट मागून बोथट सुईने टोचत बसायचं, पट्टी लावून, सारख्या अंतरावर. कंटाळवाणं काम आहे. रेडिओ लावून करतो.

मापाची भानगड वेगळीच. अमेरिकन ट्रकची किटं बहुधा १/२५, युरोपातली नि जपानची १/२४. फरक चार टक्क्यांचा, ऐकायला काहीच नाही. डिझेलची टाकी १/२५ ची लावली तर कोणाच्या बापाला कळत नाही. पण साधारण मीटरभराचं चाक १/२४ मध्ये पावणेबेचाळीस मिलिमीटर, तर १/२५ मध्ये चाळीस. पुढे एक नि मागे दुसरं लावलंत तर गाडी पाटा तुटल्यासारखी कलते. रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांचं दुखणं याहून मोठं. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वेत दिसतं ते एचओ माप, १/८७. आपला ब्रॉडगेज त्या मापात १९ मिलिमीटरच्या वर जातो आणि एचओचा बाजारात मिळणारा रूळ असतो साडेसोळाचा. भारतीय इंजिनाचं मॉडेल त्यावर चालवायचं तर गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अरुंद मानून घ्यावा लागतो.

जुन्या बाजारात खेळण्यातल्या मोडक्या गाड्या मिळतात, त्यांचा मोह होतो. पण त्यातलं बरंचसं प्लास्टिक तेलकट, मऊ. त्यावर सिमेंट चालत नाही आणि रंगही सोलून निघतो. मी आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर सिमेंटचा थेंब टाकून बघतो. पृष्ठभाग चिकट झाला तर घ्यायचं, नाहीतर परत टोपलीत.

"थ्रीडी प्रिंट करा की," असं तरुण मुलं सांगतात. करतो ना, हेडलाइटची कडी, टपावर चढायची शिडी. पण कारखान्यात ओतलेल्या पाट्यांची धार घरच्या प्रिंटरवर मला अजून दिसलेली नाही.

सध्या टेबलावर रणगाडा आहे. भारतीय लष्कराने आपल्या काही अमेरिकन शर्मन रणगाड्यांवर पीटी-७६ या पाण्यावर तरंगणाऱ्या सोव्हिएत रणगाड्याची ७६ मिलिमीटरची तोफ बसवली होती, म्हणजे इथेही मूळ काम लष्करानेच करून ठेवलेलं. १/३५ चं एक शर्मन, एक पीटी-७६, आणि मधलं तोफेचं कवच हाताने करायचं. एक बिनतोफेचा पीटी-७६ शिल्लक राहील, तो नदीत अर्धा बुडालेला दाखवता येईल.

एसटीतून दोन स्कॅनियाच्या केबिन उरल्यात, काचांसकट. कोणाला हव्या असतील तर घेऊन जा. बदल्यात उजव्या स्टिअरिंगचा १/२४ चा डॅशबोर्ड असला तर बघा.